सात नंबरचा हिरवा दिवा

मानोऱ्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर माझी टायपिंगची संस्था आहे. आधी खडखडणारी यंत्रं होती, आता बारा संगणक आहेत. मला वह्या ठेवायची सवय. हजेरीची एक, दुरुस्तीची एक, आणि एक लहान वही नुसत्या याद्यांची: परीक्षेच्या आधी काय तपासायचं, उन्हाळ्यात कोणत्या खिडकीला काय लावायचं, सणाला काय करायचं. नवरा लोकांना सांगतो की हिच्याकडे याद्यांचीसुद्धा यादी आहे. आहे, पहिल्याच पानावर.

परवा दुरुस्तीची जुनी वही चाळताना एक पान समोर आलं. वर लिहिलंय, ‘सात नंबर, वायर तुटणे’. खाली माझ्या अक्षरात नोंदींची रांग, आणि सगळ्यांत शेवटी एकच शब्द दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. ते अक्षर ज्या बाईचं, तिचं माझ्यावर बरंच ऋण आहे. तिला ते सांगायला गेलं तर हसते आणि विषय बदलते, म्हणून इथे लिहून ठेवते.

ती जवळच्या तांड्यावरची. नवरा मानोऱ्यातल्याच एका कार्यालयात शिपाई होता. तो आजारात गेला, तेव्हा ती बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. बारावी झालेली होती, म्हणून अनुकंपावर तिला त्याच कार्यालयात लिपिकाची नोकरी मिळाली. पण ऑर्डरमध्ये अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नियुक्ती रद्द. आदल्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली होती. आता मुदतीत बसणारी एकच परीक्षा उरली होती, हिवाळ्याच्या सुरुवातीची.

नोकरी गेली तर काय, हे तिनं मला एकदाच, पायऱ्या उतरता उतरता सांगितलं होतं. सासू-सासरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. नोकरी नसती तर तिलाही टोळीबरोबर जावं लागलं असतं, आणि दोन्ही पोरांना शाळेतून काढून सोबत न्यावं लागलं असतं, कारण मागे त्यांना बघणारं कुणी नव्हतं. मोठी मुलगी पाचवीत होती. “तिचं पाचवं पुस्तक अर्ध्यावर राह्यलं त मंग ते कई पुरं होत नाई मॅडम,” ती म्हणाली.

तिची बॅच सकाळी सातची. दहाला तिला कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसायचं असे. खुर्ची सात नंबरची. माझ्याकडे सत्राच्या सुरुवातीला ज्याला जी खुर्ची मिळते तीच शेवटपर्यंत. भांडणं होत नाहीत आणि हजेरी पटकन होते.

आता त्या बिघाडाबद्दल. आमच्याकडे सरावाचे उतारे एका मुख्य संगणकात असतात. बाकीच्या बारा संगणकांच्या वायरी खिडकीजवळच्या फळीवर एका पेटीत येतात आणि तिथून मुख्य संगणकाला जोडल्या जातात. त्या पेटीला स्विच म्हणतात. वाशीमहून येणारे दुरुस्तीवाले दादा जुन्या सवयीनं तिला ब्रिज म्हणत. पेटीला सोळा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची सोळा भोकं, आणि प्रत्येकाजवळ एक बारीक हिरवा दिवा. मी ती पेटी फळीवर उताणी ठेवली होती, पोर्ट वर करून, म्हणजे येता-जाता सगळे दिवे एका नजरेत दिसावेत. बारा पोर्ट बारा संगणकांना, तेरावा मुख्य संगणकाला, चौदावा प्रिंटरला. पंधरा आणि सोळा रिकामे.

त्या वर्षी सात नंबरचा दिवा मधेच विझायला लागला. दोन-तीन सेकंद, कधी दहा सेकंद, आणि पुन्हा आपोआप पेटायचा. पण तेवढ्यात सातव्या खुर्चीवरचा उतारा बंद व्हायचा आणि टाईप केलेलं सगळं जायचं. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती उभी राहून म्हणाली, मी काही दाबलं नाही. मी म्हटलं, असू दे, पुन्हा सुरू करा. तिसऱ्या-चौथ्यांदा झाल्यावर मी वहीत पान उघडलं. तारीख, वेळ, काय केलं, काय झालं असे चार रकाने आखले आणि कामाला लागले.

वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. वायर बदलली, कोरी करकरीत. परत दोन दिवस ठीक आणि मग तेच. म्हणजे पोर्टच खराब असेल म्हणून तीच वायर रिकाम्या पंधराव्या पोर्टमध्ये लावली. एक दिवस चालली. सोळाव्यात लावली. तिथेही एक सकाळ नीट गेली आणि दुसऱ्या सकाळी दिवा गेला. मग कंटाळून परत सातव्यात. संगणकाची खालची पेटी बदलली, कपाटातला सुटा संगणक त्या जागी ठेवला. काही फरक नाही.

एक प्रयोग मी केला नव्हता. एखाद्या चांगल्या चालणाऱ्या संगणकाची वायर काढून ती जागा सातला द्यायची. कारण माझा एक नियम आहे, आणि तो यादीच्या वहीत दुसऱ्याच ओळीला लिहिलेला आहे: चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. बाकी अकरा जणांचीही परीक्षा होती. त्यांचं चालतंय ते का बिघडवा.

वाशीमहून दादांना बोलावलं. पन्नाशीचे, तंबाखू मळत बोलणारे गृहस्थ. ते दुपारी दीडच्या बसनं आले. पेटीतली वायर काढली, घातली, तासभर बसून दिव्याकडे पाहिलं. दिवा हलला नाही. “मॅडम, हे त चालून राह्यलं. बिमार नाई त्याले दवा कोणती देऊ?” ते म्हणाले. मी त्यांना माझं पान दाखवलं. त्यांनी वेळेच्या रकान्यावर बोट फिरवलं. बहुतेक सगळ्या नोंदी सकाळी सात ते साडेआठमधल्या. दुपारच्या आणि संध्याकाळच्या बॅचला सात नंबरवर जवळजवळ काहीच होत नव्हतं. सकाळी तिथे कोण बसतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मंग मशीन पाहून फायदा नाई. बसणारीले पाहा,” म्हणाले, आणि चहा घेऊन चारच्या बसनं गेले.

हे मला पटलं, हे लिहायला आजही जड जातं. पण पटलं. वायर बदलली, पोर्ट बदलला, संगणक बदलला, तरी बिघाड कायम. न बदललेली गोष्ट एकच, बसणारी. हिशेब इतका सरळ दिसत होता की त्यात चूक असेल असं मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोरच सांगितलं. तुमचा पाय खाली वायरीला लागत असेल, आजपासून पाय वर घेऊन बसा. आणि हातातल्या बांगड्या टेबलावर आपटतात, त्या काढून पिशवीत ठेवा. मागच्या रांगेतली एक मुलगी हसली. कुणीतरी म्हणालं, मावशीच्या अंगातच करंट आहे. तिनं बांगड्या काढल्या, पिशवीत ठेवल्या, आणि दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

चार दिवस ती तशी बसली. सकाळी सात ते सव्वानऊ, पाय दांडीवर, पाठ वाकलेली. टायपिंग शिकवणारी मी, बसण्याची पद्धत हा माझा पहिला धडा: पाय जमिनीवर, पाठ ताठ, मनगट उचललेलं. आणि मीच तिला तसं बसवलं होतं. तिचा वेग वाढायचा सोडून उतरला. मिनिटाला तीस शब्द पाहिजेत. ती अठ्ठावीसपर्यंत आली होती, तिथून पंचवीसवर गेली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. आणि दिवा विझायचाच.

पाचव्या दिवशी ती पावणेसातलाच आली. बाहेर धुकं होतं, खिडकीची काच आतून ओली झाली होती. मी झाडू मारत होते. तिनं पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यासमोर धरली. तिनंही नोंद ठेवली होती. कार्यालयात आवक-जावक लिहायची सवय, त्यामुळे रकाने माझ्यापेक्षा नीट आखलेले. दिवस, वेळ, कितव्या ओळीवर गेलं, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. शेऱ्यात कुठे ‘धुई’, कुठे ‘लई थंडी’, कुठे ‘ऊन, बंद पडलं नाई’.

“मॅडम, तुमची वही कोन्या तारखेपासून हाय?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

“मायी त्याच्या आधीपासून हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पयल्यांदा गेलं. त्याच्या आंधी एक डावही नाई.” मग जरा थांबून म्हणाली, “आज तुमी बसा सातवर. मी त्याले हातही लावत नाई.”

मी नको म्हणणार होते. बॅच सुरू व्हायची होती, हजेरी घ्यायची होती. पण ती खुर्ची ओढून बाजूला उभी राहिली, हात मागे बांधून. मी बसले. पाय जमिनीवर ठेवले, उतारा उघडला आणि टाईप करायला लागले. माझा वेग चांगला आहे. पाच ओळी झाल्या, सहावी झाली. नवव्या ओळीच्या मध्यावर माझ्या बोटांखालून सगळं गेलं. पडदा कोरा. फळीकडे पाहिलं, सातचा दिवा विझलेला.

तोवर ती फळीपाशी गेली होती. विचारूनच तिनं सातची वायर उपसली आणि खिडकीच्या उजेडात तिचं टोक धरलं. वायरीच्या टोकाला काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक असतं. ती म्हणाली, “मॅडम, याले कुंकू लागेल हाय.”

मी जवळ गेले. दिसेना. माझा जवळचा चष्मा टेबलावरच होता. इतके दिवस मी तो तिथेच ठेवून फळीपाशी येत होते, कारण मला फक्त दिवा पाहायचा असायचा, आणि दिवा चष्म्याशिवाय दिसतो. चष्मा आणून पाहिलं. टोकाच्या खाचांत गुलाबी, ओलसर गाळ बसला होता.

मग मी याद्यांची वही काढली आणि दसऱ्याचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात: मेन बंद करणे. टेबलं पुसणे. मुख्य संगणक, प्रिंटर, सर्व कीबोर्ड, पेटी – फुलानं पाणी, हळद, कुंकू, अक्षता. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. खाली कृषी केंद्रवाले वजनकाट्याची करतात, समोरचा वेल्डर त्याच्या मशीनची करतो, मी संगणकांची. त्या दिवशी टेबल पुसायला सातची वायर पेटीतून काढली होती, ती पूजा होईपर्यंत तशीच होती. पेटी उताणी, पोर्ट वर. बाकी सगळ्या भोकांत वायरी खोचलेल्या, उघडी फक्त तीन: सात, पंधरा आणि सोळा. झेंडूच्या फुलानं मी पेटीवर पाणी शिंपडलं आणि चिमूट सोडली.

आणि मग महिनाभर त्याच तीन भोकांत वायर फिरवत राहिले, कारण तेवढीच मोकळी होती आणि चालू असलेल्याला हात लावायचा नव्हता.

दादांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले की आता सगळं जमतंय. सकाळच्या धुईत ते कुंकू ओल धरतं आणि आतल्या बारीक तारांचा स्पर्श सुटतो. दुपारी खोली तापली की वाळतं. वायर काढून घातली की घासून तारा साफ होतात, म्हणून एक-दोन दिवस चालतं. त्यांनी मागच्या खेपेला वायर काढून घातली होती, म्हणजे त्यांनीही तेवढंच केलं होतं. हे ते स्वतःच म्हणाले, आणि “त्या बाईले मी भलतंच बोललो” असंही म्हणाले. मेडिकलमधून स्पिरिट आणून जुन्या टूथब्रशनं पोर्ट घासायला त्यांनी सांगितलं. घासून पाहिलं. आतल्या तारांवर हिरवट गंज चढला होता. त्यामुळे तिन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली आणि नवी पेटी मागवली, जी परीक्षेनंतर आली.

पण त्या सकाळी तेवढा वेळ नव्हता. बॅचचे लोक जिना चढत होते. मी प्रिंटरची वायर चौदाव्या पोर्टमधून काढली, चालू असलेली, आणि तिथे सातची वायर बदलून कोरी लावली. प्रिंटर सरळ मुख्य संगणकाला जोडला. दिवा लागला. ती खुर्चीवर बसली, पाय दांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

“आता खाली ठेवू का पाय, मॅडम?”

ठेवा, म्हटलं. त्यापुढे जे बोलायला हवं होतं ते सगळे बसल्यावर बोलले. बिघाड माझ्या हातून झाला होता आणि बोल यांना लावला, असं सांगितलं. मागची मुलगी खाली मान घालून बसली. ती स्वतः मात्र पिशवीतून बांगड्या काढून हातात चढवत होती. म्हणाली, “कुंकू तुमी लावलं, त फळ बी चांगलंच भेटन. उतारा कोनता करू?”

त्या दिवसापासून मी तिला सव्वासहाला यायला सांगितलं. घरून निघताना डब्यात दोघींपुरते पोहे आणायचे मी. ती सातपर्यंत एकटीच सराव करायची, मग बॅचबरोबर. चौदाचा दिवा एकदाही विझला नाही. मी तो रोज पाहायचे, आता चष्मा घालून. पहिल्या आठवड्यात ती सत्तावीसवर आली, दुसऱ्यात तीस ओलांडले, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी तिनं तेहतीस केले. मी वही घेऊन पान बंद करायला निघाले तेव्हा तिनं थांबवलं. आमच्याकडे काम पूर्ण होऊन कागद आल्याशिवाय प्रकरण बंद करत नाहीत, म्हणाली. अजून परीक्षा आहे.

परीक्षा वाशीमला होती. सकाळच्या बसला मी तिला बसवायला गेले. खरं तर गरज नव्हती. पोरगी सोबत आली होती, आईच्या पिशवीतलं हॉल तिकीट तीन वेळा काढून पाहत होती. संध्याकाळी पाचला फोन आला. संगणक मधे बंद पडला नाही, उतारा पूर्ण झाला, दोन चुका लक्षात आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. आवाज रोजच्यासारखाच होता.

निकालाला बराच वेळ लागला. सासू-सासरे दिवाळीनंतरच टोळीबरोबर निघून गेले होते, ती आणि पोरं तांड्यावर होती. कार्यालयातून दोनदा विचारणा झाली, प्रमाणपत्र कुठे आहे. ती मला फोन करून तेवढं सांगायची आणि ठेवायची. मी रोज सकाळी हजेरीच्या आधी निकालाचं पान उघडून पाहायचे. यादीत ते काम मी पहिलं घातलं होतं.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी फोन करायच्या आधीच ती आली. आदल्या संध्याकाळी कार्यालयातच तिला कळलं होतं. निकालाचा कागद तिनं छापून आणला होता, दोन प्रती, एक कार्यालयात द्यायला आणि एक माझ्या फायलीला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग तिला खुर्ची दिली. ती सातवरच बसली, बाकी खोली रिकामीच होती.

त्यानंतर प्रत्येक दसऱ्याला मी पेटीसमोर विड्याचं पान ठेवते आणि हळद-कुंकू पानाला लावते. पेटीवर आधी टॉवेल घालते. ती येते त्या दिवशी, पोरांना घेऊन, आणि टॉवेल नीट आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहते. मुलगी आता आठवीत आहे. मागच्या दसऱ्याला ती म्हणाली, मॅडम, टॉवेलला झेंडू लावू का, त्याला तर चालेल.

पण मी निकालाचा कागद आला त्या सकाळचं सांगत होते. तिनं दुरुस्तीची वही मागितली. मी पान काढून दिलं. तिनं माझ्या सगळ्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि हसली. ती नोंद ‘विद्यार्थिनीचे पाय वर घेण्यास सांगितले’ अशी होती. मी ती खोडायला पेन मागितलं. तिनं दिलं नाही. म्हणाली, “खोडाखोड चालत नाई. नोंद हाय ते राहू द्या.”

मग त्याच पेनानं, शेवटच्या ओळीखाली, कार्यालयात लिहितात तशा मोकळ्या अक्षरात तिनं एक शब्द लिहिला: निकाली. खाली तारीख घातली, सही केली, घड्याळ पाहिलं आणि जिना उतरून गेली. दहाला पाच मिनिटं कमी होती.